खासगी जंगलातली लाकूडतोड: स्थानिक संस्थेच्या उपविधीत (संस्थेने स्वतः केलेल्या नियमांत) नेमकं काय असावं?

(ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवाट

खासगी मालकीच्या जंगलातल्या तोडीवर एखाद्या गावाने, नगराने किंवा जिल्ह्याने बंधन घालायचं ठरवलं की मसुदा बहुतेक वेळा झाडापासून सुरू होतो. किती झाडं, किती जाडीची, कोणत्या जातीची. माझ्या मते मसुदा वाटेपासून आणि पाण्यापासून सुरू व्हायला हवा.

तोडीनंतर ओढ्याला गाळ येतो तो मुख्यतः खुंटांमुळे येत नाही. तो येतो ओढवाटेवरून (म्हणजे यंत्र जिथून ओंडके ओढत आणतं ती वाट), ओंडके रचून ट्रकमध्ये भरायच्या थप्पीच्या जागेवरून, ट्रकच्या कच्च्या रस्त्यावरून, आणि सगळ्यात जास्त ही वाट जिथे ओढा ओलांडते तिथून. झाड पडलं तरी त्याची मुळं काही वर्षं माती धरून असतात आणि पालापाचोळ्याचा थर जागेवर असतो. ओढवाटेवर मात्र तो थर खरवडला जातो, माती दबते, पाणी मुरायचं थांबतं आणि उताराने पळायला लागतं.

याचा चांगला पडताळा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक इथे मिळाला. 1965-66 च्या हिवाळ्यात तिथे 15.6 हेक्टरचं एक छोटं पाणलोट क्षेत्र पूर्ण तोडलं, पण रस्ता केला नाही आणि एकही ओंडका बाहेर ओढला नाही. पाणी गढूळ होण्याचं प्रमाण सुरुवातीला फारसं वाढलं नाही.

म्हणून प्रश्न असा: उपविधीतल्या कोणत्या कलमांमुळे जागेवर फरक पडतो आणि कोणत्यांमुळे नुसता कागद वाढतो? आकड्यांसकट लिहा.

खुंटमोजणी

हबर्ड ब्रूकचा दाखला अर्धाच दिलात. त्याच प्रयोगात पुढची तीन वर्षं तणनाशक मारून नवी वाढ दाबून ठेवली, आणि ओढ्यातल्या नायट्रेटचं (मातीतल्या एका पोषकद्रव्याचं) प्रमाण खूप वाढलं. मातीतली पोषकद्रव्यं धरून ठेवायला जिवंत मुळं लागतात. म्हणजे वाट महत्त्वाची आहेच, पण तोडीनंतर तिथे काय उगवणार हा प्रश्नही गावाचाच आहे. उपविधीने झाडाकडे पाहूच नये, हे मला पटत नाही. कसं पाहावं, यावर बोलू.

कलमदान

आधी अधिकाराची बाब स्पष्ट करू, नाहीतर चांगला मसुदा कोर्टात पडतो. स्थानिक संस्थेला किती हात घालता येतो हे वरचा कायदा ठरवतो, आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात 2000 सालच्या दुरुस्तीनंतर नगरनियोजन कायदाच सांगतो की वनीकरण आणि लाकूडतोड हा प्रत्येक झोनमध्ये (जमिनीचा वापर ठरवून दिलेल्या विभागात) हक्काने अनुज्ञेय वापर आहे, आणि झोनिंगचे नियम त्यावर अवाजवी बंधन घालू शकत नाहीत. म्हणजे तिथली नगरं तोड कुठल्याही झोनमधून हद्दपार करू शकत नाहीत, फक्त ती कशी करावी यावर वाजवी अटी घालू शकतात. कॅलिफोर्नियात जवळजवळ उलट आहे. तिथे तोड कशी करायची हे राज्याचे नियम ठरवतात. 2006 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांता क्रूझ काउंटीच्या (जिल्ह्यासारखी स्थानिक संस्था) प्रकरणात सांगितलं की तोड कोणत्या झोनमध्ये चालेल हे काउंटी ठरवू शकते. ‘कुठे’ काउंटीचं, ‘कशी’ राज्याचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तर 2003 च्या कायद्याने ‘व्यवस्थापित खासगी वनजमीन’ म्हणून नोंदलेल्या जमिनीवरच्या वनकामाला अडथळा होईल असा उपविधी करायलाच स्थानिक संस्थेला मनाई केली आहे.

म्हणून मसुद्याच्या पहिल्या पानावर लिहा की हा उपविधी कोणत्या कायद्याच्या कोणत्या अधिकाराखाली केला आहे, आणि पुढचं प्रत्येक कलम त्या अधिकारात बसतं का ते तपासा. रस्ता, गाळ, हद्द आणि सुरक्षितता या चार गोष्टींवर स्थानिक संस्थेचा हात बहुतेक ठिकाणी बळकट असतो. कोणती झाडं काढायची यावर तो सगळ्यात कमजोर असतो.

जलरेखा

नाल्याकाठच्या राखीव पट्टीबद्दल. ‘नाल्यापासून 15 मीटर’ असं सरसकट लिहिलेलं कलम सोपं वाटतं, पण सपाटीवर ते गरजेपेक्षा जास्त आणि तीव्र उतारावर अपुरं पडतं. गाळ किती लांब वाहत जाणार हे उतारावर अवलंबून असतं.

ट्रिम्बल आणि सार्ट्झ या दोन अमेरिकी वनसंशोधकांनी 1957 मध्ये रस्ता ओढ्यापासून किती दूर असावा याचा एक साधा हिशोब मांडला, आणि तो आजही बऱ्याच मार्गदर्शिकांच्या मुळाशी आहे. सपाटीवर 25 फूट धरायचे आणि उताराच्या दर टक्क्याला (100 मीटरला 1 मीटर उतार म्हणजे एक टक्का) 2 फूट वाढवायचे. मीटरमध्ये साधारण 7.6 अधिक दर टक्क्याला 0.6. दहा टक्के उताराला सुमारे 14 मीटर, तीस टक्क्यांना 26, पन्नास टक्क्यांना 38. खाली पिण्याच्या पाण्याचा साठा असेल तर ही सगळी अंतरं दुप्पट.

हे अंतर वाट आणि थप्पी यांच्यासाठी आहे, झाड तोडण्यासाठी नाही. मसुद्यात हा घोळ सगळ्यात जास्त होतो. पट्टीत यंत्राला बंदी घाला. पट्टीतलं एखादं झाड केबल लावून बाहेर ओढता येत असेल, माती खरवडली जात नसेल आणि ओढ्यावरची सावली टिकत असेल, तर त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. सावली मात्र मोजायला लावा. ओढ्यावर थेट ऊन पडू लागलं की पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याचा पहिला फटका माशांना बसतो.

आणखी एक. झाड ओढ्यापासून उलट दिशेला पाडायचं, आणि चुकून शेंडा पाण्यात गेलाच तर तो त्याच दिवशी बाहेर काढायचा, हे कलम हवंच. हिरवी पानं डबक्यात सडली की तिथला प्राणवायू संपतो. पण ओढ्यात आधीपासून रुतलेले जुने ओंडके ‘साफसफाई’ म्हणून काढायला लावू नका. त्यांच्यामागे गाळ अडलेला असतो. ते काढलेत की तो सगळा खाली जातो.

आडवाट

@जलरेखा, पट्टीतला फरक फार नेमका सांगितलात. ओलांडणीबद्दलही लिहा.

जलरेखा

ओलांडणी शक्य तितक्या कमी, आणि प्रत्येक ओलांडणी काटकोनात. तिरकी ओलांडणी म्हणजे काठ जास्त लांबीपर्यंत उघडा पडणार. जागा निवडताना काठ ठेंगणे, तळ खडकाळ आणि दोन्ही बाजूंचा उतार कमी हे पाहायचं.

तात्पुरत्या कामाला उचलून नेता येणारा पूल सगळ्यात बरा. दोन्ही काठांवर एकेक आडवा ओंडका ठेवायचा आणि त्यावर पुलाचे तयार सांगाडे टाकायचे. ओढ्याच्या तळाला हात लागत नाही आणि काम संपलं की सांगाडे उचलून नेता येतात. पाइपची मोरी टाकली तर त्याभोवती भराव येतो, आणि भराव म्हणजे ओढ्यातच टाकलेली माती. पाइप लहान पडला की फांद्या अडकतात, पाणी तुंबतं, भरावावरून वाहू लागतं आणि एका रात्रीत सगळा भराव खाली जातो. त्यातून पाइपचं खालचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर लटकत राहिलं तर माशांची वर जायची वाट बंद. म्हणून ‘तात्पुरत्या मोऱ्या काम संपताच काढून काठ पूर्ववत करावेत’ हे कलम तारखेसकट लिहा. तारीख नसली की तात्पुरती मोरी कायमची होते.

ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना वाटेवरचं पाणी ओढ्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाजूच्या जंगलात वळवलं पाहिजे. हे न केल्यास वाटच ओढ्याची उपनदी होते.

घाटउतार

ते पाणी वळवतात आडबांधाने, आणि तो कसा घालायचा हे उपविधीत नसलं तरी जोडलेल्या परिशिष्टात असायलाच हवं. ‘धूप रोखण्यासाठी योग्य उपाय करावेत’ असं वाक्य ठेकेदाराला काहीच सांगत नाही.

आडबांध म्हणजे वाटेला तिरका छेद देणारी चर आणि तिच्या उताराकडच्या अंगाला चरीतल्याच मातीचा घट्ट दाबलेला उंचवटा. दोन बांधांमधलं अंतर उतारावर ठरतं. प्रचलित तक्ता असा: 2 टक्के उताराला 76 मीटर, 5 टक्क्यांना 41, 10 टक्क्यांना 24, 15 टक्क्यांना 18, 20 टक्क्यांना 14 आणि 30 टक्क्यांना 11. म्हणजे उतार वाढला की बांध झपाट्याने जवळ येतात. मसुद्यात ‘दर 30 मीटरला एक’ असं लिहिलं तर सौम्य उतारावर उगाच काम वाढतं आणि तीव्र उतारावर बांध फुटतात.

बांध वाटेला अगदी आडवा, काटकोनात घातला तर पाणी त्याच्यामागे साचतं, चर गाळाने भरते आणि पुढच्या सरीला पाणी वरून जातं. फार तिरका घातला तर चरीतच वेग येतो आणि चर कोरली जाते. आडव्या रेषेपासून साधारण 30 अंश उताराकडे झुकलेला बांध ठीक चालतो. वरचं टोक वाटेच्या कडेच्या उंचवट्यात घट्ट मिसळलेलं हवं, नाहीतर पाणी तिथूनच वळसा घालून निघून जातं. खालचं टोक उघडं हवं, आणि ते पाणी पालापाचोळ्यावर, फांद्यांच्या ढिगावर किंवा खडकावर सुटलं पाहिजे. खालचं टोक मातीने बुजलेलं असणं ही तपासणीत सर्वात जास्त वेळा सापडणारी चूक. बुलडोझर बांध घालून पुढे जाताना पात्याची माती टोकाशी टाकतो आणि बांधाचं डबकं होतं. फावड्याने पाच मिनिटांत मोकळं होतं, पण कुणी वाकून पाहिलं तर.

वाटेचा चढ मुळातच कमी ठेवला तर हे सगळं हलकं होतं. ट्रकच्या रस्त्याला दहा टक्क्यांपर्यंतचा चढ असेल तर आडबांधाऐवजी रुंद, उथळ सखल भाग ठेवता येतो. त्यावरून भरलेला ट्रकही जातो आणि पाणी बाजूला निघतं. मात्र असे सखल भाग रस्ता करतानाच घालावे लागतात.

मातीशी नातं

घाटउतार यांच्या मुद्द्याला जोडून: पाणी वळवलं तरी दबलेली माती सुटत नाही. जड यंत्राच्या पहिल्या दोनतीन फेऱ्यांतच बहुतेक दाब पडून जातो. पुढच्या वीस फेऱ्यांनी त्यात थोडीच भर पडते. त्यामुळे ‘यंत्र सगळीकडे थोडं थोडं फिरवा, म्हणजे कुठेच जास्त दाब पडणार नाही’ हा विचार पूर्ण उलटा आहे. वाटा आधी आखा, फितीने झाडांवर खुणा करा आणि यंत्राला त्याच वाटांवर ठेवा. ओंडका केबलने वाटेपर्यंत ओढून घ्या. वाटा आणि थप्पी मिळून एकूण क्षेत्राच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आत बसवता येतात. मऊ जागी तोडलेल्या फांद्या वाटेवरच अंथरल्या की चाकाचा भार पसरतो.

ओल्या हंगामात काम बंद ठेवण्याची तारीख उपविधीत घालू नका. पाऊस तारखेने येत नाही. चाकोरीची खोली घाला. उदाहरणार्थ, 15 सेंटीमीटरपेक्षा खोल चाकोरी सलग 15 मीटर लांब दिसली की त्या वाटेवरचं काम थांबवायचं. हे कुणालाही टेप लावून मोजता येतं आणि वाद उरत नाही.

खुंटमोजणी

आता झाडाबद्दल. उपविधींमध्ये सर्रास दिसणारं आणि सगळ्यात घातक कलम म्हणजे जाडीची मर्यादा: ‘35 सेंटीमीटरपेक्षा कमी व्यासाचं झाड तोडू नये.’ ऐकायला समंजस वाटतं. मोठी काढा, लहान वाढू द्या. पण यात गृहीत धरलंय की लहान झाड म्हणजे तरुण झाड.

जुनी तोड किंवा सोडून दिलेली शेती यांतून एकाच वेळी उगवलेलं जंगल घ्या. त्यात 45 सेंटीमीटरचं झाड आणि 20 सेंटीमीटरचं झाड हे बहुधा एकाच वयाचे असतात. एकाला वर ऊन मिळालं, दुसरं त्याच्या सावलीत दबून राहिलं. जाडीची मर्यादा लावली की जोमदार, सरळ, बी धरणारी झाडं जातात आणि दबलेली, वाकडी, पोकळ झाडं उद्याचं बियाणं म्हणून मागे राहतात. दोनदा असं झालं की त्या जंगलात विकण्याजोगं काही उरत नाही, आणि मग मालकाला ती जमीन घरांच्या प्लॉटसाठी विकणंच परवडतं. साय काढून नेलेल्या दुधासारखी गत. ज्या कलमाने जंगल टिकावं अशी अपेक्षा होती, तेच जंगल संपवतं.

त्याऐवजी काय? मागे काय राहणार हे सांगायला लावा. एका हेक्टरवर उभ्या असलेल्या सगळ्या झाडांच्या छातीच्या उंचीवरच्या छेदांचं क्षेत्रफळ बेरजेने काढलं की घनता कळते. 40 सेंटीमीटर व्यासाच्या एका झाडाचा छेद 0.126 चौरस मीटर, 30 सेंटीमीटरच्या झाडाचा 0.071. दोघांत व्यासाचा फरक दहाच सेंटीमीटर, पण छेदाचा जवळजवळ पावणेदोनपट. म्हणून ‘शेकडा किती झाडं काढणार’ हा आकडा फसवा असतो, छेदक्षेत्राचा आकडा खरं सांगतो. मालकाच्या आराखड्यात तोडीपूर्वीचं आणि नंतरचं छेदक्षेत्र, जातवार, हे दोन रकाने असले की जाणकाराला एका नजरेत कळतं की निवड तोड आहे की नुसती मलई काढली आहे.

कलमदान

@खुंटमोजणी, पटलं. पण छेदक्षेत्राची किमान मर्यादा उपविधीत घातलीत तर तीही जाडीच्या मर्यादेसारखीच आंधळी होईल. ऊन लागणाऱ्या जातींचं पुनरुज्जीवन हवं असेल तर कधी कधी मोकळं आकाशच लागतं. माहिती मागा, मर्यादा घालू नका. आराखडा वनतज्ज्ञाच्या सहीने यावा, आणि तपासायचं ते एवढंच की आराखड्यात लिहिलं तसं जागेवर झालं का.

खुंटमोजणी

मान्य. आणि ‘लिहिलं तसं झालं का’ हे तपासायचा जुना, साधा, विश्वासू मार्ग आहे रंगाचा. तोडायच्या प्रत्येक झाडावर दोन खुणा करायच्या. एक डोळ्यांच्या उंचीवर, तोडणाऱ्याला दिसावी म्हणून. दुसरी अगदी बुडाशी, उताराच्या बाजूला, सालीच्या खाचेत, करवत जिथे लागणार त्याच्याही खाली. झाड गेलं तरी ही खूण खुंटावर राहते. तपासणीला गेलं की खुंट पाहत चालायचं. रंग नसलेला खुंट म्हणजे आराखड्याबाहेरचं झाड. ओंडके कधीच निघून गेलेले असले तरी हा पुरावा महिनोन्‌महिने तिथे असतो. सरसकट तोडीत मात्र उलट करायचं: राखायच्या झाडांना आणि तोडीच्या सीमेला रंग लावायचा.

हद्दीवरही तेच. हद्दीच्या रेषेवर दोन्ही मालकांच्या देखत फिती लावल्याशिवाय पहिलं झाड पडू नये. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शेजाऱ्याचं झाड तोडल्यास किमतीच्या दुप्पट किंवा तिप्पट भरपाई द्यावी लागते, तरीही हद्दीचे वाद थांबत नाहीत, कारण कुणी आधी रेषा दाखवलेलीच नसते.

चाकोरी

सार्वजनिक रस्त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्थानिक संस्थेचा खरा पैसा इथे जातो.

1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावाजवळ मोठी रस्ताचाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान आसावरच्या (चाकांच्या जोडीला धरणाऱ्या दांड्यावरच्या) भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. 5 टनांच्या आसाऐवजी 10 टनांचा आस गेला तर नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे 16 पट होतं. आता तेच 30 टन 3 आसांवर न ठेवता 5 आसांवर सारखे वाटले तर एका फेरीचं नुकसान जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येतं. म्हणून ‘एकूण वजन अमुक टनांपेक्षा जास्त नको’ यापेक्षा आसामागचा भार बांधणारं कलम जास्त कामाचं. ट्रकच्या फेऱ्यांची संख्या कमी करायला लावणारं कलम तर उलटं अंगावर येतं, कारण मग प्रत्येक ट्रक ठासून भरला जातो.

अनामत रक्कम रस्त्याच्या लांबीवर आणि प्रकारावर बांधा. पेनसिल्व्हेनियात वजनमर्यादा लावलेल्या रस्त्यांसाठी ती कच्च्या रस्त्याला मैलामागे 6,000 डॉलर आणि पक्क्याला 12,500 डॉलर अशी ठरलेली आहे. काम सुरू व्हायच्या आधी दोन्ही पक्षांनी मिळून रस्त्याचं चित्रीकरण करावं, दर 100 मीटरला थांबून, भेगा आणि कडा जवळून घेत. ते नसेल तर नंतर ‘हा खड्डा आधीचाच’ या एका वाक्यावर सगळं अडतं.

जंगलातला रस्ता सार्वजनिक रस्त्याला मिळतो तिथे खडीचा पट्टा हवा: किमान 15 मीटर लांब, 20 सेंटीमीटर जाड, मोठ्या खडीचा, आणि खाली जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं जाड कापड). कापड टाकलं नाही तर खडी आठवडाभरात चिखलात बुडते. चाकांचा चिखल तिथेच झडतो. नाहीतर तो डांबरावर येतो आणि पहिल्या भुरभुरीला दुचाकीवाला घसरतो.

रस्त्याच्या कडेच्या फांद्यांबद्दल पेनसिल्व्हेनियातल्या नमुना उपविधीतली अट उचलण्यासारखी आहे: सार्वजनिक रस्त्यापासून 25 फुटांत शेंडे-फांद्या ठेवायच्याच नाहीत, 25 ते 50 फुटांत ठेवल्या तर छाटून 4 फुटांपेक्षा उंच राहू द्यायच्या नाहीत. त्यापलीकडे जंगलात फांद्या पडून राहू द्या. लोकांना त्या घाण वाटतात, पण त्या कुजून मातीला मिळतात आणि कोवळ्या रोपांना चरणाऱ्या हरणांपासून आडोसाही देतात.

नवा सभासद

माहितीपूर्ण धागा. एक शंका: एवढ्या अटी घातल्या तर लहान मालक तोडच करणार नाहीत, म्हणजे जंगल वाचलंच की?

कलमदान

उलट होतं. परवानगीचा खर्च ठरावीक असतो. शुल्क, आराखडा, अनामत हे 20 झाडांना तेवढंच आणि 200 झाडांनाही तेवढंच. मग मालक हिशोब करतो: खर्च करायचाच आहे तर एकदाच सगळं काढून घेऊ. दर दहाबारा वर्षांनी थोडी थोडी तोड करणारा माणूस याच कारणाने सरसकट तोडीकडे वळतो. म्हणून हलक्या कामाला परवानगी नको, नुसती पूर्वसूचना पुरे. स्वीडनमध्ये अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठ्या अंतिम तोडीला (जंगल वाढून तयार झाल्यावरच्या तोडीला) 6 आठवडे आधी कळवायचं असतं. फिनलंडमध्ये किमान 10 दिवस आधी. त्या मुदतीत कुणाची हरकत आली नाही तर काम सुरू.

उंबरठा ठेवताना एक पळवाट बंद करा. ‘1 हेक्टरपर्यंत सूट’ असं लिहिलं की जमिनीचे तुकडे दाखवून 0.9 हेक्टरच्या चार तोडी होतात. ‘एकाच मालकाच्या लगतच्या जमिनीवर सलग 24 महिन्यांत मिळून’ असे शब्द घाला. घरच्या सरपणाला, वादळाने पडलेल्या आणि घरावर कोसळू पाहणाऱ्या झाडाला सूट द्या.

दुसरी पळवाट जास्त मोठी. बांधकामासाठी जमीन मोकळी करायची, पण अर्ज करायचा वनकामाचा. सहा महिन्यांनी प्लॉटिंगचा नकाशा येतो, आणि विकासाचे कडक नियम लागू व्हायला झाडंच उरलेली नसतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने यावर उपाय काढला आहे. मालकाने अर्जात जमिनीचा वापर बदलणार असं सांगितलं नसेल, तर अर्जाच्या तारखेपासून 6 वर्षं त्या जमिनीवर सहसा विकासाची परवानगी मिळत नाही. हे एक कलम इतर दहा कलमांइतकं काम करतं.

घाटउतार

शिक्षेच्या कलमात एक चूक वारंवार दिसते. नियम मोडला की ‘काम तात्काळ थांबवा’ असा आदेश निघतो, यंत्रं जागच्या जागी बंद होतात, आणि उघड्या वाटा तशाच पडून राहतात. पुढच्याच पावसात तिथून सगळा गाळ खाली. काम थांबवण्याच्या आदेशात स्पष्ट लिहा: तोड आणि वाहतूक बंद, पण आडबांध घालणं, चरी मोकळ्या करणं, उघड्या मातीवर गवताचं बी आणि पेंढा पसरणं हे 72 तासांत पूर्ण करणं बंधनकारक. नाहीतर गुन्हा ठेकेदाराचा आणि शिक्षा ओढ्याला.

जलरेखा

घाटउतार यांचं हे कलम कुठल्याही मसुद्यात आधी घालावं, इतकं महत्त्वाचं आहे.

आडवाट

तपासणीचं वेळापत्रक कसं ठेवावं? लहान संस्थेकडे वनतज्ज्ञ नसतो.

मातीशी नातं

बाहेरचा तज्ज्ञ ठराविक फी देऊन बोलवावा आणि ती फी अर्जाच्या शुल्कातूनच निघावी. पण तो लाकूड विकत घेणाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून टक्केवारी घेणारा नको.

फेऱ्या चार. पहिली कामाआधी: हद्दीच्या फिती, बुडाशी रंग, आखलेल्या वाटा आणि ओलांडणीची जागा. दुसरी ऐन कामात, न सांगता. तिसरी काम संपताना, यंत्र जागेवर असतानाच. इथे बहुतेक संस्था चुकतात. यंत्र गेल्यावर चूक सापडली तर एक आडबांध दुरुस्त करायला बुलडोझर परत कोण आणणार? चौथी फेरी पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि अनामतीचा चौथा हिस्सा तोवर अडकवून ठेवायचा.

घाटउतार

चौथ्या फेरीत वही घेऊन सगळं जंगल फिरायची गरज नाही. प्रत्येक आडबांधाच्या खालच्या टोकाशी जा. तिथून पानांवर पसरलेली गाळाची जीभ उताराने किती लांब गेली आहे ते टेपने मोजा, फोटोत टेप दिसू द्या. जीभ राखीव पट्टीच्या अलीकडेच संपली असेल तर बांध ठीक. पट्टीत शिरली असेल तर त्या बांधाच्या वर आणखी एक बांध घालायला लावा. ओढ्यापर्यंत पोहोचली असेल तर रोखलेली रक्कम सोडू नका, आणि त्या वाटेचा उतार आराखड्यात किती लिहिला होता आणि जागेवर किती भरतो ते तिथेच उभं राहून मोजा.